एसव्हीआय म्हणजे काय? सांडपाण्यातला गाळ अर्ध्या तासात काय सांगतो?

अकोल्याची मोर्णा आणि अमरावतीजवळची पेढी या दोन्ही नद्या शेवटी पूर्णेला मिळतात. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे नदीचे पाणी स्वच्छ राहणे महत्त्वाचे ठरते. म्हणूनच अकोल्यात शिलोडा आणि अमरावतीत लालखडी येथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारली गेली.

अशा केंद्रांमध्ये जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे ‘सक्रिय गाळ’. १९१४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी ती मांडली. टाकीत हवा सोडली जाते, जिवाणू घाण खातात आणि त्यांचे पुंजके तयार होतात. हे पुंजके तळाशी बसले, तरच वर स्वच्छ पाणी उरते.

ते किती चांगले बसतात, हे एसव्हीआय म्हणजे गाळ आकारमान निर्देशांक सांगतो.

कसे मोजतात?

हवेच्या टाकीतले १ लिटर मिश्रण मोजपात्रात घेऊन ३० मिनिटे न हलवता ठेवतात. मग तळाशी किती मिलिलिटर गाळ बसला ते वाचतात. त्या आकड्याला एका लिटरमधील कोरड्या घन पदार्थाच्या ग्रॅमने भागले की एसव्हीआय मिळतो.

भागायचे कशासाठी? समजा, दोन नमुन्यांत ३०० मिलिलिटरच गाळ बसला. पहिल्यात ३ ग्रॅम घन पदार्थ असेल, तर एसव्हीआय १००. दुसऱ्यात दीडच ग्रॅम असेल, तर २००. पात्रात दोन्ही सारखेच दिसतात, पण दुसरा गाळ फुगलेला आहे.

आकड्याचा अर्थ काय?

साधारण १०० च्या आसपास असेल, तर गाळ चांगला बसतो. १५० च्या वर गेला की सावध व्हायचे. बहुतेक वेळा धाग्यासारखे जिवाणू वाढलेले असतात; हवा किंवा नत्र-स्फुरद कमी पडणे ही त्याची नेहमीची कारणे. आकडा ५० च्या खाली गेला, तर गाळ झटकन बसतो, पण बारीक कण वर राहून पाणी गढूळ दिसते.

फुगलेला गाळ वेळीच ओळखला नाही, तर तो पाण्याबरोबर वाहून थेट नदीत जातो. महागडी यंत्रे चालू असूनही प्रक्रिया वाया जाते. ते टाळण्यासाठी हवी असते रोजची अर्ध्या तासाची चाचणी.