तेल, दिवा आणि वीज : नायगावच्या निमित्ताने

‘तेल’ हा शब्द ‘तैल’पासून, म्हणजे मुळात तिळापासून आला. खनिज तेल या देशी आले तेव्हा मराठीने ‘रॉक ऑइल’चे ‘रॉकेल’ आणि ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’ केले. दुसऱ्या नावात तेल आणि उजेड यांचे समीकरणच रुजलेले दिसते. विजेचा इतिहास मात्र या समीकरणाला छेद देतो.

वसईच्या खाडीच्या उत्तरेस असलेले नायगाव बोरिवली-विरार लोहमार्गावर येते. या मार्गाचे विद्युतीकरण १९३६ साली झाले. त्या काळी बहुसंख्य खेड्यांत रात्री रॉकेलचाच दिवा जळे. म्हणजे येथे तेलाने उजेड दिला आणि विजेने गती दिली. तेलावरील वीजकेंद्रात हाच क्रम उलटतो : तेल गती देते व गतीतून वीज निर्माण होते.

लहान केंद्रात हे कार्य बहुधा डिझेल इंजिन करते. रूडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेत फवारलेले तेल ठिणगीवाचून पेटते. त्या दाबाने दट्ट्या सरकतो, दंड फिरतो, आणि फॅरडेने १८३१ साली दाखविलेल्या तत्त्वानुसार जनित्रात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. या प्रक्रियेत तेलातील निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. म्हणून अशा विजेच्या दरात इंधनाची किंमत निर्णायक ठरते.

याचा प्रत्यय १९९९ साली सुरू झालेल्या दोन केंद्रांत येतो. गोव्यातील सांकवाळचे केंद्र अवघे ४८ मेगावॉटचे. दाभोळच्या केंद्राचा पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा. दोन्हींचे इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलाचाच एक हलका अंश. दोन्हींत वायुचक्की आणि तिच्या उष्ण धुरावर वाफेची चक्की, अशी जोडरचना. दाभोळची वीज खरेदी करण्याचे दायित्व महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळावर होते. नाफ्था महागला, रुपया घसरला, दर मंडळास पेलवेना. वाद विकोपास जाऊन मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले.

तेलाचे पिंप कोठेही नेता येते आणि इंजिन अल्पावधीत सुरू होते, हा तेलाचा गुण निर्विवाद आहे. म्हणूनच वीज खंडित होताच आजही रुग्णालये व इमारती डिझेल जनित्राचा आश्रय घेतात. मात्र दाभोळचा बोध असा की, अडीअडचणीस उपयोगी पडणारे हे साधन नित्याचा आधार मानले, तर गावच्या दिव्याचे मोल दूरच्या बाजारात ठरू लागते.