टेनिसमधील क्रमवारी आणि गुणांकन : एक तुलनात्मक विचार

खेळाडूची योग्यता एका अंकात सांगता येते, ही कल्पना आज इतकी रूढ झाली आहे की तिलाही एक इतिहास आहे, याचे सहसा भान राहत नाही. टेनिसच्या क्षेत्रात अशा अंकांच्या अनेक पद्धती एकाच वेळी नांदत आहेत आणि एकाच खेळाडूला त्या निरनिराळ्या जागी बसवितात. यांपैकी खरी कोणती, असा प्रश्न स्वाभाविकपणेच विचारला जातो. परंतु तो प्रश्न मुळातच अपुरा आहे. प्रत्येक पद्धती कोणत्या गरजेतून निर्माण झाली आणि तिने खेळाडूंच्या वर्तनावर कोणता परिणाम केला, हे पाहिल्यावाचून तिच्या अंकांचा अर्थ लागत नाही.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘क्रमवारी’ ही संपादित केलेल्या यशाची नोंद होय; ‘गुणांकन’ हे संभाव्य सामर्थ्याचे अनुमान होय. पहिली मागे पाहते, दुसरे पुढे पाहते. या दोहोंची सरमिसळ झाली म्हणजे वाद उत्पन्न होतात.

लॉन टेनिसमध्ये सामर्थ्याचे मोजमाप प्रथम झाले ते सवलतीच्या निमित्ताने. १८७७ साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. त्या काळातील क्लबांमध्ये बलवान आणि दुर्बल खेळाडूंचा सामना रंगावा म्हणून दुर्बलास प्रत्येक गेममध्ये किंवा काही ठराविक गेममध्ये आगाऊ गुण देण्याचा प्रघात होता. ही सवलत पंधराच्या अंशांत मोजली जाई. फ्रान्समधील राष्ट्रीय वर्गीकरणात या प्रघाताची खूण आजही शिल्लक आहे. तेथील खेळाडूंच्या श्रेणी ४०, ३०/५, ३०/४ अशा पायऱ्यांनी ३०, १५ आणि ० पर्यंत येतात आणि त्याही पलीकडे उणे अंकांत जातात. सवलत बव्हंशी लोप पावली. तिची परिभाषा मात्र श्रेणीच्या रूपाने टिकून राहिली.

उच्च दर्जाच्या खेळाचे निवाडे या काळात व्यक्तींच्या हाती होते. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चे ए. वॉलिस मायर्स यांच्यासारखे जाणकार पत्रकार जगातील पहिल्या दहा खेळाडूंची यादी दरवर्षी प्रसिद्ध करीत. हौशी खेळाच्या युगात एवढ्यावर काम भागत होते. १९६८ साली व्यावसायिकांना प्रमुख स्पर्धा खुल्या झाल्या, आणि स्पर्धेत प्रवेश मिळणे हा उपजीविकेचा प्रश्न बनला. संयोजकांच्या मर्जीवर हा निर्णय सोपविणे खेळाडूंना मान्य होईना. म्हणून १९७२ साली स्थापन झालेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने (एटीपी) २३ ऑगस्ट १९७३ रोजी संगणकाच्या साहाय्याने तयार केलेली पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत इली नास्तासे अग्रस्थानी होता. महिलांची क्रमवारी नोव्हेंबर १९७५ मध्ये आली. तिच्या अग्रस्थानी ख्रिस एव्हर्ट होती.

मर्जीची जागा गणिताने घेतली; तथापि गणितातही एक पक्ष दडलेला असतो. एटीपीची आरंभीची क्रमवारी सरासरीवर आधारलेली होती. सरासरीच्या हिशेबात दुय्यम स्पर्धांतील अल्प गुण खेळाडूला खाली ओढतात; साहजिकच वारंवार खेळणारा तोट्यात राहतो. अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलासने १९७७ साली फ्रेंच व अमेरिकन या दोन्ही प्रमुख स्पर्धांसह १६ विजेतेपदे मिळविली, तरी वर्षअखेरीस अग्रस्थान जिमी कॉनर्सकडेच राहिले. १९९० साली सरासरी सोडून सर्वोत्तम १४ स्पर्धांच्या गुणांची बेरीज करण्याची रीत स्वीकारण्यात आली. तिच्यामुळे अधिक खेळण्यातील धोका नाहीसा झाला. पण वाईट पराभवाला किंमतही फारशी उरली नाही.

या प्रकरणाला इतिहासशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. त्या आरंभीच्या वर्षांत क्रमवारी दर आठवड्यास प्रसिद्ध होत नसे. पत्रकार एदुआर्दो पुप्पो आणि गणितज्ञ मारियान चुल्पान यांनी जुने निकाल गोळा करून मधल्या आठवड्यांची गणना केली आणि १९७५ व १९७६ मधील काही आठवड्यांत व्हिलास अग्रस्थानी असावयास हवा होता, असे प्रतिपादन केले. एटीपीने २०१५ साली पूर्वीची क्रमवारी बदलण्यास नकार दिला. याउलट महिलांच्या संघटनेने (डब्ल्यूटीए) २००७ साली, गहाळ झालेली माहिती हाती आल्यावर, इव्हॉन गूलागाँग १९७६ मध्ये दोन आठवडे अग्रस्थानी होती, असे ३१ वर्षांनंतर मान्य केले. येथे प्रश्न केवळ मानाचा नाही. क्रमवारी म्हणजे त्या वेळी प्रसिद्ध झालेला दस्तऐवज, की नियमांनुसार निष्पन्न होणारे सत्य, हा तो प्रश्न आहे. प्रसिद्ध यादीवर विसंबून त्या काळी प्रवेश व मानांकने ठरली, म्हणून पहिला पक्ष निराधार नाही. आणि नियम लिखित असता त्याचे फळ नाकारणे न्याय्य कसे, म्हणून दुसराही नाही.

मनोरंजनासाठी खेळणाऱ्यांची गरज निराळी होती. त्यांना अग्रस्थान नको होते. तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा होता. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘नॅशनल टेनिस रेटिंग प्रोग्रॅम’ सुरू झाला. यात अर्ध्या अर्ध्या अंकाच्या पायऱ्यांनी ७.० पर्यंत स्तर असून प्रत्येक स्तराचे वर्णन शब्दांत केलेले आहे : फटक्यांचे सातत्य, दिशेवरील ताबा, जाळ्याजवळचा खेळ इत्यादी. नवागताने स्वतःच आपला स्तर सांगावयाचा असतो. पुढे सामन्यांच्या निकालांवरून गणना होते, पण खेळाडूला सामान्यतः वर्षअखेरचा अर्ध्या अंकापर्यंतचा स्तरच कळतो. सांघिक सामने या स्तरांनुसार होऊ लागताच एक अनपेक्षित परिणाम दिसला. खालच्या स्तरात विजय सुलभ असल्याने सामर्थ्य लपविण्याचा मोह उत्पन्न झाला. व्यावसायिकाला अंक उंच हवा असतो, येथे तो खाली हवासा वाटू लागला.

अलीकडील दोन पद्धती अपेक्षा आणि प्रत्यक्ष निकाल यांची तुलना करतात. हे तत्त्व बुद्धिबळात आर्पाद एलो यांनी रूढ केले. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने ते १९६० साली स्वीकारले होते. व्हर्जिनियातील डेव्ह हॉवेल यांनी २००८ च्या सुमारास मांडलेले ‘युनिव्हर्सल टेनिस रेटिंग’ वय व लिंग यांचा भेद न करता सर्वांना १ ते १६.५० या एकाच मापावर बसविते आणि जिंकलेल्या गेमचे प्रमाण पाहते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा ‘वर्ल्ड टेनिस नंबर’ ४० पासून १ पर्यंत उतरत जातो, जिंकलेले सेट विचारात घेतो आणि एकेरी व दुहेरीचे अंक वेगळे ठेवतो.

या भेदाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्याने ७-६, ०-६, ७-६ असा विजय मिळविला. त्याने ३२ पैकी १४ गेम जिंकले, तर पराभूताने १८. व्यावसायिक क्रमवारीत विजेत्याला पूर्ण गुण मिळतील. सेटच्या हिशेबात त्याचे पारडे २-१ असे जड राहील. गेमच्या हिशेबात मात्र पराभूतच वरचढ ठरेल. गणित तिन्ही ठिकाणी बिनचूक आहे. भेद आहे तो ‘विजय कशाला म्हणावयाचे’ या पूर्वनिर्णयात. आणि हा निर्णय खेळातही उतरतो. जेथे प्रत्येक गेम मोजला जातो तेथे सामना हातचा गेल्यावरही झुंजावे लागते, पण दुर्बल प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खेळताना थोडे गेम गमावण्याचे भयही वाटते.

सारांश, सवलत देणाऱ्याला रंगतदार सामना हवा होता, व्यावसायिकाला प्रवेशाचा निःपक्षपाती निकष, संघसंयोजकाला समान स्तर, आणि आजच्या पद्धतींना सर्वत्र चालणारे एकच नाणे. या गरजा एकमेकींत विलीन होणाऱ्या नाहीत. म्हणून कोणतीही एक पद्धती दुसरीला पूर्णपणे बाद करू शकलेली नाही. अभ्यासकाने निरनिराळ्या पद्धतींचे अंक एका मालिकेत ओवून निष्कर्ष काढण्याचे टाळावे, हे तर उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, ज्यांचे मोजमाप होते ते मोजमापाकडे पाहूनच आपले वर्तन ठरवितात. परीक्षेचे गुण, जनगणनेचे वर्ग किंवा महसुलाची प्रतवारी यांच्या अभ्यासकालाही हा अनुभव नवा नसावा. अंक हा पुरावा आहे. परंतु तो निर्माण करणाऱ्या नियमासह वाचला, तरच.