गावची प्रमुख बाई असली की मुलींची स्वप्नं बदलतात का?

राखीव जागेवर बाई निवडून येते आणि कारभार नवराच बघतो, असं सर्रास म्हटलं जातं. अनेक ठिकाणी ते खरंही असतं. तरीही पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला अनुभव वाचण्यासारखा आहे.

१९९३ च्या कायद्यानंतर तिथे एक तृतीयांश ग्रामपंचायतींचं प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, महिलांसाठी राखीव झालं. कोणती पंचायत राखीव, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरत असल्याने तुलना करणं शक्य झालं. अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी ४९५ गावांतल्या ११ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना व त्यांच्या पालकांना भविष्याबद्दल विचारलं. हा अभ्यास २०१२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला.

ज्या गावांत दोन कार्यकाळ हे पद महिलेकडे होतं, तिथे मुला-मुलींच्या महत्त्वाकांक्षेतली दरी कधीच आरक्षण नसलेल्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होती. शिक्षणातली तफावत तर उरलीच नव्हती. मुलींच्या वाट्याचं घरकामही घटलं होतं.

विशेष म्हणजे, तरुणींसाठी रोजगाराच्या संधी वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे संशोधकांनी या बदलाचं मुख्य श्रेय गावातच डोळ्यांसमोर दिसणाऱ्या त्या महिला प्रधानाला दिलं.