उसने शेअर, पक्की हमी

चिखल्याचा मी, दलाल स्ट्रीटवरच्या एका पेढीत कारकून होतो. शेअर उसने देऊन भाडं मिळवायची सोय नवी आहे, असं आमच्या डहाणूकडची शिकलेली मुलं सांगतात. तिचं जुनं रूप मी शनिवारी पाहिलेलं आहे. त्या दिवशी मुंबई शेअर बाजारात बदल्याचं सत्र भरायचं.

तेजीवाल्याने शेअर घेतले आणि पैसे नसले, की तो व्याज मोजून सौदा पुढच्या पटावटीवर, म्हणजे हिशेब मिटवायच्या दिवसावर, ढकलायचा. हा व्याज बदला. मंदीवाल्याची अडचण याच्या उलट. त्याने हातात नसलेला माल विकलेला असायचा. अशी विक्री फार आणि माल देणारे थोडे झाले, की मंदीवालाच शेअरवाल्याला पैसे मोजायचा. हा उंधा बदला.

त्याची ताकद १९८२ साली देशाला दिसली. कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सचे शेअर हातात नसताना विकले. धीरूभाई अंबानींच्या बाजूच्या दलालांनी ते उचलले आणि पटावटीला बजावलं: शेअर द्या, नाहीतर जबर उंधा बदला मोजा. मंदीवाले पुरते अडकले. बाजार तीन दिवस बंद राहिला.

उंध्या बदल्याची ही कमाई मोठ्या हातांचीच होती. शेअर कागदी, सोबत कोऱ्या सह्यांची हस्तांतरणपत्रं. कागद हरवायचे, सह्या जुळायच्या नाहीत. उसना दिलेला माल परत येईल याचा भरवसा दलालाच्या पतीवर आणि ओळखीवर. दहा-वीस शेअर बाळगणाऱ्या मास्तरांना त्या सत्रात जागाच नव्हती.

बाजाराची नियामक संस्था सेबी हिने डिसेंबर १९९३ मध्ये बदल्यावर बंदी आणली. सुधारलेल्या रूपात तो परतला आणि केतन पारेख या दलालाच्या घोटाळ्यानंतर २ जुलै २००१ पासून कायमचा गेला. दरम्यान १९९७ मध्ये सेबीने शेअर उसने देण्याची वेगळी योजना काढली होती. आजची व्यवस्था, म्हणजे एसएलबी (सिक्युरिटीज लेंडिंग अँड बॉरोइंग), २१ एप्रिल २००८ ला सुरू झाली. आधी मुदत सात दिवसांचीच होती. ती पुढे वर्षापर्यंत वाढली.

आता दलालामार्फत शेअर डीमॅट खात्यातून उसने जातात आणि भाडं सुरुवातीलाच मिळतं. मधल्या काळातला लाभांशही घेणाऱ्याकडून वसूल होऊन मालकाला पोचतो. मधे सौद्याची हमी घेणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं असतं. घेणाऱ्याकडून ते तारण घेतं. त्याने शेअर परत केले नाहीत, तर लिलावात विकत घेऊन देतं. तेही मिळाले नाहीत, तर पैशांत हिशेब मिटवतं.

एक फरक मात्र समजून घ्यायलाच हवा. चिकूची वाडी खंडाने दिली तरी सातबारा आपल्याच नावावर राहतो. शेअर उसना दिला की तो खरोखर दुसऱ्याच्या नावावर जातो, आणि घेणारा तो विकतोही. त्या विक्रीने भाव पडला, तर ती झळ मालकालाच.

तरीही ही व्यवस्था मला मोलाची वाटते. हातात नसलेला माल विकणारे कालही होते, उद्याही असतील. त्यांना माल पुरवून होणारी कमाई पूर्वी ओळखीपाळखीच्या वर्तुळात राहायची. आज चिखल्यातल्या शिक्षिकेलाही तिच्यात वाटा मागता येतो, आणि तिने घेणाऱ्याचं तोंड पाहायची गरज नाही. उसनवारी जुनीच आहे. माझ्या पिढीने बाजारात कमावलेली खरी गोष्ट ही हमी आहे, आणि ती नीट जपली पाहिजे.