वऱ्हाडातील दुपदरी ग्रामनामे

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांची ग्रामनामे तपासली असता, चांदूर रेल्वे, शिरजगाव कसबा, नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी अशी परक्या माणसाला चमत्कारिक वाटणारी दोन पदांची नावे मोठ्या संख्येने आढळतात. यांतील पहिले पद पुष्कळदा झाड, पाणी किंवा वस्ती यांवरून आलेले असल्यामुळे तेच नाव अनेक ठिकाणी पडलेले असते, आणि अशा एकनामी गावांत घोटाळा होऊ नये म्हणून दुसरे पद जोडले जाते. ते जोडले गेले त्या काळी गावाची ओळख कशावरून पटत होती, देवावरून, सरकारी ठाण्यावरून, बाजारावरून की रेल्वेवरून, याची साक्ष हे दुसरे पदच देते.

देवस्थानावरून पडलेल्या नावांचे ठळक उदाहरण म्हणजे नांदगाव खंडेश्वर होय. तेथील यादवकालीन हेमाडपंती, म्हणजे घडीव दगड एकमेकांत बसवून बांधलेल्या, शिवमंदिरामुळे हे गाव अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेपासून वेगळे ओळखले जाते; पेठ म्हणजे व्यापारी वस्ती. देवळांतील लेखांत गावाच्या मूळ पदाचे जुने रूपही सापडते; अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीचे मूळ नाव शके 1098 च्या मंदिरलेखात ‘टेक्कली’ या रूपात कोरलेले आहे.

पुढे सुलतानी व मोगल अमदानीत महसुलाची भाषा फारसी झाली आणि तिच्या खुणा गावांच्या नावांवर उमटल्या. परगण्याचे मुख्य गाव ते कसबा, थोरले गाव ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द, असे हे शब्द दप्तरातून लोकांच्या तोंडी रुळले. पातूरला सूफी संताच्या दर्ग्यावरून पातूर शेख बाबू म्हटले जाई, तर बडनेऱ्याला बडनेरा बीबी हे नाव निजामशाही घराण्यातील राजकन्येला ते गाव आंदण दिल्यामुळे पडले असे सांगितले जाते. मूर्तिजापूरचे नाव, ज्याने 1574 मध्ये वऱ्हाडची इमादशाही जिंकून घेतली, त्या मूर्तजा निजामशहाशी जोडले जाते.

याउलट, अंजनगाव आणि सुर्जी या लगतच्या दोन वस्त्यांचे मिळून एक नाव झाले. 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात येथे झालेल्या तहामुळे ते हिंदुस्थानच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले.

एकोणिसाव्या शतकात नावे ठेवण्याचे काम कापसाने आणि आगगाडीने केले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोहोचला, त्याच्या काठावरच्या गावांत कापसाच्या उलाढालीला जोर आला आणि अमरावती जिल्ह्यातील दोन चांदुरांपैकी रुळांवरचे ते चांदूर रेल्वे, तर सातपुड्याच्या बाजूचे, बाजाराचे, ते चांदूर बाजार झाले. त्याच न्यायाने धामणगाव रेल्वे हे धामणगाव गढीपासून वेगळे पडले. गढी म्हणजे वतनदाराचा मातीच्या जाड भिंतींचा तटबंद वाडा. एकच मूळ नाव असलेल्या या दोन गावांत जुनी वतनदारी आणि नवा व्यापार शेजारी शेजारी नोंदलेले दिसतात.

ग्रामनामांविषयीच्या दंतकथा मात्र पारखून घ्याव्या लागतात. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे नाव ईल नावाच्या राजावरून पडले असे परंपरा सांगते. परंतु अचलपूर हे रूप प्राचीन ताम्रपटांत येते आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘अचलपुर’ मधील च आणि ल यांची अदलाबदल होऊन ‘अलचपुर’ होते असा स्वतंत्र नियमच दिला आहे. त्यामुळे एलिचपूर हे अचलपूरचेच बोलीत बदललेले रूप ठरते, आणि राजाची कथा नावाचा अर्थ लावण्यासाठी मागाहून रचली गेली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

नाव आटोपशीर व्हावे म्हणून त्यातील दुसरे पद वगळण्याची सवय आता पाट्यांवर आणि बोलण्यात वाढत आहे. परंतु ज्या गावांचा लिखित इतिहास तुटपुंजा आहे, त्यांच्याबाबतीत हे पदच कित्येकदा एकमेव पुरावा असते. म्हणून ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी आपल्या गावाचे पूर्ण नाव लिहावे, आणि वृद्धांच्या स्मरणात असलेली त्यामागची हकीकत वेळीच टिपून ठेवावी.