एका रेषेची कुळकथा

एका वर्षाचा आत्महत्यांचा आकडा नुसता पाहिला, तर हळहळण्यापलीकडे हाती काही लागत नाही. तेच आकडे तीस-चाळीस वर्षं एकाच मापाने मोजून ओळीने मांडले, की कागदावर एक रेषा उमटते. ती कुठे चढते, कुठे अचानक उतरते. आणि उतारापाशी थांबून विचारावं लागतं, त्या साली नेमकं काय झालं?

या रेषेचं मूळ लंडनमध्ये आहे. सतराव्या शतकात तिथे दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. घरोघर जाऊन मृताला पाहायचं आणि कारण कळवायचं, हे काम नेमलेल्या म्हाताऱ्या बायका करत. प्लेग वाढला की घटला एवढं पाहून लोक यादी टाकून देत. जॉन ग्रॉन्ट या व्यापाऱ्याने मात्र 20 वर्षांच्या याद्या एकत्र केल्या आणि 1662 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. 2,29,250 मृत्यूंच्या त्याच्या तक्त्यात स्वतःचा जीव घेतलेल्यांची एक ओळ आहे: 222. तेव्हा आत्महत्या हा गुन्हा होता, मालमत्ता जप्त होऊ शकत असे. घरच्यांनी त्या बायकांना काय सांगितलं असेल, हा प्रश्न तेव्हापासून या आकड्यांना चिकटला आहे.

पुढे 1897 मध्ये एमिल दुर्खीम यांनी फ्रान्समध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यासाठी 26,000 प्रकरणांचे कागद वर्गवार लावले ते त्यांचे भाचे मार्सेल मोस यांनी. देशोदेशींचे दर वर्षानुवर्षं जवळपास ठरावीक राहतात, म्हणजे हे एकेकट्या माणसाचं खासगी दुःख नाही, समाजही त्यात आहे, असं दुर्खीम यांनी मांडलं.

पण ही रेषा जीव वाचवू शकते, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. इंग्लंड-वेल्समध्ये 1963 साली 5,714 आत्महत्या झाल्या, 1975 साली 3,693. या काळात घरगुती गॅसमधला विषारी अंश काढला गेला होता. एक वाट बंद झाली तर माणूस दुसरी शोधतोच, हा समज या उताराने खोटा ठरवला. तो जीवघेणा क्षण टळला की बहुतेक माणसं जगतात.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या शेजारी, श्रीलंकेत आहे. तिथला दर 1950 च्या दशकापासून चढत गेला आणि 1995 मध्ये लाखामागे 47 झाला. त्याच साली सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली, 1998 मध्ये एन्डोसल्फानवरही. दहा वर्षांत दर निम्म्यावर आला. संशोधकांनी बेकारी, दारू, घटस्फोट, यादवी युद्ध, सगळं त्या रेषेशेजारी ठेवून पाहिलं. उताराचा मेळ बसला तो बंदीशीच. 1996 ते 2005 या दहा वर्षांत आधीच्या दहा वर्षांपेक्षा सुमारे 19,800 आत्महत्या कमी झाल्या. शेतीचं उत्पन्नही घटलं नाही. ज्या विषाला आपला शेतकरीही सहज ‘औषध’ म्हणतो, त्याबद्दलचा हा धडा आपल्या प्रत्येक कृषी अधिकाऱ्याला पाठ असायला हवा.

आपल्याकडची रेषा 1967 पासूनची आहे. ती पोलीस ठाण्यातल्या ‘अकस्मात मृत्यू’च्या नोंदींतून येते. विवाहिता ‘पाय घसरून विहिरीत पडली’ असं तिथे लिहिलं, की ती या रेषेत येतच नाही. ‘पोटदुखीला कंटाळून’ एवढं लिहिलं, की ती येते, पण कारण हरवतं. ‘मिलियन डेथ स्टडी’ या मृत्यूंच्या कारणांच्या देशव्यापी पाहणीचे कार्यकर्ते मात्र पोलिसांकडे न जाता घरी गेले, मृताच्या माणसांशी बसून बोलले. गोव्यातल्या ‘संगथ’ या मानसिक आरोग्य संस्थेचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्यावरून अंदाज मांडला: 2010 साली देशात 1,87,000 आत्महत्या. पोलिसांचा आकडा होता सुमारे 1,34,600. निसटलेल्यांत बायकांचं प्रमाण अधिक होतं.

निसटण्यामागे भीती होती. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार काढली, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलं नाही. आता लोक खरं सांगू लागतील, तेव्हा रेषा काही काळ वरही जाईल. ती मरणं वाढली म्हणून चढली की बोलणं वाढलं म्हणून, हे तपासूनच निष्कर्ष काढायला हवा.

2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. त्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी होता. तुमच्या ओळखीत कुणी खचलं असेल, तर त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका. ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.