सोलापूरची ज्वारी आणि मोजमापाचे शास्त्र

पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत मजुरीचे तंटे वाढले, आणि कामगाराच्या राहणीविषयी नुसते अंदाज बांधण्याऐवजी ती मोजून पाहावी, हा विचार मुंबई इलाख्यात रुजू लागला. 1921 मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय स्थापन केले. त्याने आधी मुंबई शहरातील कामगारांच्या आणि 1925 मध्ये सोलापुरातील गिरणी-कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. सोलापूरचा अहवाल 1928 मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा पाहणीत प्रत्येक घरी जाणे शक्य नसते, म्हणून काही कुटुंबे निवडली जातात. या निवडलेल्या गटाला ‘नमुना’ म्हणतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या सोलापुरात एकाच वस्तीतली किंवा सहज उत्तरे देणारीच घरे निवडली, तर बेरीज-भागाकार अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. शिवाय उधारी आणि किरकोळ खर्च आठवणीतून सांगितले जातात. त्यामुळे प्रश्न कसा विचारला, यावरही उत्तराचा भरवसा अवलंबून राहतो.

पुढे सोलापूरसाठी राहणीखर्चाचा स्वतंत्र निर्देशांक तयार झाला. फेब्रुवारी 1927 ते जानेवारी 1928 या काळातील खर्च 100 धरून नंतरची वाढ-घट त्यात मोजली जाई. त्यात प्रत्येक वस्तूला घरखर्चातील तिच्या वाट्याइतके महत्त्व दिले जाते; या महत्त्वालाच ‘भार’ म्हणतात. समजा, शंभर रुपयांच्या खर्चात ज्वारीचे वीस रुपये आहेत आणि ज्वारी दहा टक्क्यांनी महागली, तर एकूण खर्च दोन रुपयांनी वाढतो. तांदळाला मोठा भार देणाऱ्या मापाने भाकरीवर जगणाऱ्या घराची ही ओढाताण पुरती दिसणार नाही.

एकाचे माप दुसऱ्याला लागू पडत नाही, या अडचणीतून मानसशास्त्रालाही वाट काढावी लागली. बिने आणि सिमाँ यांची बुद्धिमापन चाचणी 1905 मध्ये फ्रान्समध्ये आणि तिची स्टॅनफर्ड आवृत्ती 1916 मध्ये अमेरिकेत तयार झाली. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी तिची पुनर्रचना केली आणि 1940 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या समाजाला चाचणी लावायची, त्याच समाजातील मुलांवर ती पडताळून वयानुसार अपेक्षित गुण ठरवणे म्हणजे ‘प्रमाणीकरण’. या दोन्ही भाषा ज्या सोलापुरात घराघरांत बोलल्या जातात, तेथील मुलाची बुद्धी परक्या प्रश्नांनी जोखणे हे त्याच्या घरची ज्वारी तांदळाच्या हिशेबात धरण्याइतकेच अन्यायाचे ठरले असते.